शुक्रवारचं रिलीज

निजामपुऱ्यात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूम चालतात. खटखटाट असा, की आमच्या घरात हळू बोलायला कुणी शिकलंच नाही. शुक्रवारी लूमना सुट्टी. म्हणून डोकं लावायचं काम मी शुक्रवारसाठी राखून ठेवते.

प्रोग्रामर लोकांसाठी मी एक छोटं टूल लिहिलंय. कोडची वेडीवाकडी मांडणी ते सरळ करून देतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तर बदलावं. कुठकुठले लोक ते वापरायला लागले आणि मी हवेत तरंगायला लागले.

नवी आवृत्ती सोडायची ती अर्थातच शुक्रवारी. या धंद्यात शुक्रवारी काही नवं सोडणं म्हणजे लोकांच्या शनिवार-रविवारची वाट लावणं, हे मला कोण सांगणार? एकदा दुपारी आवृत्ती सोडली आणि तासाभरात परदेशातल्या एका अनोळखी माणसाचा निरोप आला. माझ्या टूलमुळे त्याच्या अख्ख्या टीमचं काम ठप्प झालं होतं. शुक्रवारी रिलीज करायची अक्कल कुणी शिकवली, असंही त्याने विचारलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "फुकट घेतो आणि वर माझी अक्कल काढतो! टूलच पुसून टाकते," मी ओरडले.

माझे वडील जॉबर, म्हणजे बिघडलेल्या लूम दुरुस्त करणारे. दुपारची झोप त्यांना आठवड्यात त्या एकाच दिवशी मिळते. ते उठून बसले.

"काय झाला गो?"

मी सगळं सांगितलं.

"चूक त्याची हाय का तुझी?"

"माझीच. पण मी पैसे कुठे घेतलेत?"

"मंग काय झाला? लूम चालू करून वीतभर कापड निघल्याबिगर मी कवा उठलोय? तो मानूस तिकडं अडकलाय. बस गुमान."

मी बसले. स्टूल ओढून तेही शेजारी बसले. स्क्रीनवरचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण मी चुकचुकले की तेही चुकचुकायचे. मध्ये एकदा त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली. जा, पडा जरा, म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

चूक सापडली अगदीच फालतू. माफी मागून दुरुस्त आवृत्ती सोडली. मग दोघंही उत्तराची वाट बघत राहिलो. वडिलांनी चहालाही नको म्हटलं.

शेवटी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं: "चाललं. आभार."

"यात 'चालला' कुठं लिवलाय?"

मी दाखवलं. ऑइलने कायमचं काळं पडलेलं बोट त्यांनी त्या इंग्रजी शब्दाखाली टेकवलं आणि नीट बघून घेतलं. मला वडील त्या वेळी फार आवडले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि दिवेलागणीला दुपारची झोप काढायला गेले.