बांधापर्यंत न पोचणारी घंटा

धक्क्यावरचे लोक धर्माजीच्या घंटेला मुकी म्हणत. धर्माजीला त्याचा राग येत नसे. ती मुकी आहे म्हणून तुमच्या मिशा जागेवर आहेत, एवढं तो सुनावायचा आणि कामाला लागायचा.

रेवसच्या आत, खाडीच्या काठाला एका कंपनीच्या पेट्रोलच्या टाक्या होत्या. मुंबईहून बार्ज यायचा, धक्क्याला लागायचा, आणि नळीतून पेट्रोल वर टाक्यांत चढवलं जायचं. पंपघर धक्क्यापासून दीडशे पावलांवर. पंप कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा हे कळावं म्हणून दोन्हीकडे एकेक घंटा आणि एकेक बटण होतं. या घंटांना वीज पुरवणारी पंपघरातली लाकडी पेटी धर्माजीच्या ताब्यात असे. पेटीत चार सेल आणि डांबरात बुडवलेलं तारेचं एक वेटोळं, वर शिशाचं सील. त्या वेटोळ्यामुळे वीज इतकी लंगडी व्हायची की बटणाशी ठिणगी पडली तरी पेट्रोलची वाफ पेटू नये.

हे त्याला जुन्या गोऱ्या साहेबानं शिकवलं होतं. अठ्ठेचाळीस साली देश सोडून जाण्याच्या आठवडाभर आधी साहेबानं त्याला टाक्यांपासून दूर, मिठागराच्या मोकळ्या जागेत नेलं. पत्र्याच्या डब्यात पेट्रोलचे चार थेंब टाकले आणि पेटीच्या तारा त्यात एकमेकींना घासल्या. काही झालं नाही. मग ट्रकच्या बॅटरीच्या तारा घासल्या, तर डबा माडाएवढा उंच उडाला आणि धर्माजीच्या भुवया गेल्या. भुवया परत आल्या, पण तो धडा त्याच्या हाडात बसला.

पेटी तपासायची त्याची रीत घरचीच होती. त्याचा बाप मिठागरावर खाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन सांगायचा, आज मीठ धरेल की नाही. धर्माजी तसाच पेटीच्या तारांची टोकं जिभेवर ठेवायचा. नुसतं आंबट लागलं तर पेटी ठीक. चावलं तर काहीतरी बिघडलंय. मग बुकात सही. नऊ वर्षांत एकही महिना चुकला नाही. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्यापाशी काय होतं? जमीन भावांत वाटली गेली होती, बायको देवाघरी गेली होती. एक पेटी, आणि एक मुलगी नलू. जावई शिवदास त्यानंच धक्क्यावर कामाला लावून दिला होता. आपल्या डोळ्यांसमोर राहील म्हणून, आणि पुढे वाटेल तेवढं कपाळ बडवून घेतलं तरी ते बदलणार नव्हतं.

सत्तावन्न साली टिपणीस साहेब नवा मॅनेजर म्हणून आला. हुशार माणूस, फक्त आपल्याला सगळं कळतं असं त्याला फार लवकर वाटायचं. दुपारचा खारा वारा सुटला की धक्क्यावर घंटा ऐकू येत नसे. एकदा पंप थांबवल्याची खूण शिवदासला कळलीच नाही, नळीतलं पेट्रोल उलटं फिरलं आणि बार्जवर सांडलं. साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"मामा, घंटा आयकूच येत न्हाय त मी काय करू?" शिवदास घरी येऊन म्हणाला. "वाईच जोर वाढवा ना पेटीचा."

"जोर वाढवायचा न्हाय. अजून एक घंटा पायजे, धक्क्याच्या टोकाला. मी साहेबाला सांगितलंय."

सांगितलं होतं, तीनदा. साहेब म्हणाला, मुंबईला लिहू. त्यानं मुंबईला काही लिहिलं नाही.

वर्षातून एकदा धर्माजी नवे सेल आणायला मुंबईच्या गोदामात जायचा. त्या माघातही गेला, दोन दिवस तिथेच अडकला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरला. सेलची पिशवी खांद्याला लावून मिठागराच्या बांधावरून चालू लागला. वारा अगदी पडला होता. खाडी ताटातल्या पाण्यासारखी निश्चल होती.

आणि त्याला घंटा ऐकू आली.

दोनदा खणखणली, देवळातल्यासारखी. पंप सुरू करू का, असं पंपघर विचारत होतं. धर्माजी जागीच थांबला. टाक्या अजून मैलभर लांब होत्या. त्याची घंटा नऊ वर्षांत बांधापर्यंत कधी पोचली नव्हती, पोचूच नये अशी ती केलेली होती. पिशवी टाकून तो धावत सुटला. आता धक्क्यावरून शिवदास बटण दाबून उत्तर देणार, हे त्याला ठाऊक होतं. तो ओरडलाही, पण मैलभर लांब त्याचा आवाज काय पोचणार. उत्तराची घंटा अर्धीच वाजली, आणि धक्क्याच्या जागी जाळ उभा राहिला.

शिवदासचा देह ओळखावा लागला तो कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून.

काय झालं ते पंपवाल्या बाळाजीनं त्याला संध्याकाळी टाकीमागे सांगितलं. धर्माजी मुंबईला गेल्या दिवशीच साहेबानं ट्रकच्या दोन बॅटऱ्या मागवल्या आणि शिवदासला त्या जोडायला लावल्या. शिवदासनं सील तोडलं आणि स्वतःच्या हातानं तारा बांधल्या. दोन दिवस घंटा दणक्यात वाजली, शिवदासही खूश होता. तिसऱ्या दिवशी नळीचा सांधा गळत होता, वारा नसल्यानं वाफ तिथेच साचली. आग विझायच्या आत बॅटऱ्या ट्रकवर परत चढल्या होत्या.

"चौकशीत सांगशील?" धर्माजीनं विचारलं.

बाळाजी खाली बघत म्हणाला, "माझी चार पोरं हायत, दादा."

चौथ्या दिवशी टिपणीस साहेबानं धर्माजीला बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच धर्माजीनं ओळखलं की आता गळा कापणार.

"तुझ्या जावयानं सील तोडलं," साहेब हळू आवाजात म्हणाला. "नियम मोडून मेला तर कंपनी त्याच्या माणसांना दारात उभं करत नाही. पण पेटीच जुनी होती, आतली तार सडली होती, असं निघालं तर तो कंपनीच्या कामात मेला. नलूला कंपनीची खोली राहील, कॅन्टीनमध्ये काम मिळेल. पेटीचा माणूस तू. तू म्हणशील तेच खरं धरतील."

"आणि तुमी सांगितलं व्हतं, ते?"

"ते कोण सांगणार?" साहेबानं विचारलं. त्याच्या आवाजात धाकही नव्हता, आणि धर्माजीला तेच जास्त लागलं.

मुंबईहून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, पेटी कशानं तपासायचास. धर्माजी म्हणाला, जिभेनं. टेबलाभोवतीची माणसं हसली. मग तो म्हणाला, तार सडली होती, माझ्या ध्यानात आलं नाही. नऊ वर्षांच्या सह्यांचं बुक समोर उघडं होतं. त्याच्याखाली त्यानं अजून एक सही केली. त्याची नोकरी गेली, नलूची खोली राहिली. टिपणीस साहेब वर्षभरात बढती घेऊन मुंबईला गेला. धक्का नवा झाला, टोकाला दुसरी घंटाही बसली. एक माणूस जळल्यावर कंपनीला ती परवडली.

धर्माजी पुन्हा बापाच्या मिठागरावर राबू लागला. गावात लोक त्याच्याकडे बोट दाखवायचे. रोज बार्ज लागायच्या वेळेला तो बांधावर जाऊन कान देऊन उभा राहायचा. काही ऐकू आलं नाही की परत फिरायचा. सासऱ्यानं जावयाला जाळलं, आता बांधावर कसला उभा राहतो, असं बायका म्हणायच्या.

शिवदासच्या वर्षश्राद्धाला नलू आपल्या लहानग्या लेकीला घेऊन आली. पंक्ती उठल्यावर, भांडी घासता घासता तिनं विचारलं, "बाबा, एकदाच सांगा. पेटी खरंच सडलेली व्हती?"

धर्माजीच्या ओठाशी सगळं आलं. पण खरं सांगितलं तर काय सांगायचं? तुझ्या नवऱ्यानं आपल्या हातानं तारा बांधल्या, हे? आणि ते ऐकून ही गप्प बसणारी नव्हती, बापाचीच पोर ती. उद्याच कचेरीत जाऊन उभी राहिली असती आणि खोलीला मुकली असती.

"व्हय," तो म्हणाला. "सडलेली व्हती."

नलूनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि लेकीला कडेवर घेऊन ती निघाली. त्यानंतर ती त्याच्या दारात कधी आली नाही.