बिनकानाचा कप

जर्मनीत मी समतेचा एकच लढा दिला. तो चार मिनिटं चालला.

दादा बॉबलिंगेनला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याचा मीटफरट्राग, म्हणजे घराचा भाडेकरार, संपत आला होता. तो वाढवायचा की नाही, हे घरमालकीण फ्राऊ केलर रविवारी आम्हा सगळ्यांना कॉफीला बोलावून ठरवणार होत्या. आई आणि मी परभणीहून नुकत्याच आलो होतो. मी तेवीस वर्षांची. पत्रकं लिहून लिहून माझं साधं बोलणंही 'जाहीर निषेध'ने सुरू व्हायचं. (आमटीत मीठ कमी असलं तरी.)

जिन्यातच दादा म्हणाला, "तू फक्त हसायचं. भाषण नाही."

"आणि अन्याय झाला तर?"

"अगं, केक खायला चाललोय आपण."

टेबलावर दादा, वहिनी आणि आईपुढे सोनेरी काठाचे, गुलाबाच्या फुलांचे कप. माझ्यापुढे वेगळाच. बुटका, झिजलेला, आणि कपाला कानच नाही.

आमच्या गावच्या हॉटेलात आजोबांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला असायचा. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा, परत तिथेच ठेवायचा. त्या कपावर मी तीन पत्रकं लिहिली होती. आणि आता तो इथवर माझ्या मागे आला होता! मला खुर्चीत बसवेना.

"दादा, यांना विचार, मलाच वेगळा कप का?"

"गप बस."

"आजोबा गप बसले म्हणूनच..."

"केक तरी खा आधी," आई म्हणाली. तिने आपली कॉफी निवांत बशीत ओतली होती.

मी उभी राहिले आणि मराठीत सुरू झाले. माझ्या कपात अजून कॉफीही ओतलेली नव्हती, हा मुद्दाही घेतला. फ्राऊ केलर "जा, जा" (जर्मनमध्ये 'हो, हो') म्हणत मान डोलवत होत्या, त्याने मला जास्तच चेव चढला. शेवटच्या वाक्याला मूठ आपटायची माझी सवय. पुरावा म्हणून उचललेला कप त्याच मुठीत आहे, हे आपटल्यावर कळलं.

दोन तुकडे. आईचा फुरका अर्ध्यावर थांबला.

फ्राऊ केलर हळूहळू बोलल्या. दादा भिंतीकडे बघत मराठीत सांगत गेला. "हा अठराव्या शतकातला. तेव्हा असल्या कपांना कान नसायचे. चिनी माती ज्याच्या टेबलावर, तो मोठा माणूस. यांच्या पणजीची पणजी राजवाड्यात भांडी घासायची. जन्मभर हे कप धुतले, पण ओठाला लावायची परवानगी नव्हती. म्हातारपणी काम सोडलं, तेव्हा हा एक मिळाला. घरात कुणालाच देत नाहीत."

"मग मला कशाला दिला?"

"मी आजोबांच्या कपाचं सांगितलं होतं. तू त्यावर लिहितेस, तेही. त्या म्हणाल्या, मग यातून हिनेच प्यायला हवं."

ज्याचा निषेध करावा, असं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

आईने तुकडे पदरात गोळा केले आणि फ्राऊ केलरांचा हात धरला. "बाई, पोरगी माझी आहे, पण तोंड तिच्या बापाचं." दादाने तेही जर्मनमध्ये सांगितलं. त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, "माझीही तशीच आहे." करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला.

पुढच्या रविवारी पुन्हा कॉफी. सगळ्यांपुढे गुलाबाचे कप, माझ्यापुढे त्यांच्या नातवाचा प्लास्टिकचा निळा पेला.

दादा कानात म्हणाला, "विचारू का, तुलाच वेगळा का?"

मी मुकाट्याने प्यायले, पेला स्वतः विसळला आणि परत जागेवर ठेवला.