डेअरीच्या खोलीचा कोबा

आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे गावातली महिला दूध संस्था, आणि मी तिची सचिव. सकाळ-संध्याकाळ बाया दूध आणायच्या, मी माप आणि फॅट घ्यायची, आणि तालुक्याच्या संघाची गाडी कॅन भरून न्यायची. जागा आमची, लाइट आमची, आणि सांडलेल्या दुधाचा आंबूस वासही आमचाच. माशांचं तर विचारूच नका.

खाली साधा सिमेंटचा कोबा होता. दूध सांडलं की तो पिऊन टाकायचा. पाऊसपाणी बरं असलं की दोन्ही वेळा बादल्या ओतून धुता यायचा. पण त्या वर्षी विहिरी आटल्या, जनावरं चारा छावणीत गेली आणि टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नव्हतं. बाया छावणीतून दूध आणायच्या, कमी का होईना आणायच्या. प्यायला पाणी नाही तिथं कोबा कोण धुतो?

एके दिवशी संघाचे सुपरवायझर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. म्हणाले, "बाई, खोली अशीच राहिली तर गाडी इथं थांबणार नाही. दूध हायवेच्या सेंटरला पाठवा. सोमवारी येतो, तेव्हा बघू."

हायवेचं सेंटर म्हणजे मोटारसायकलचं काम, आणि मोटारसायकल पुरुषमाणसांची. दूध मोटारसायकलवर गेलं की त्याचा पैसाही मोटारसायकलवरच राहतो, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. संस्थेत खातं बाईच्या नावावर होतं. घर नवऱ्याच्या नावावर, रान सासऱ्याच्या, आणि हे एवढं एक तिचं. ते मी जाऊ देणार नव्हते. आमचे हे म्हणतात, हिला कुणी नाही म्हटलं की हिच्या अंगात येतं. खरं आहे ते.

तालुक्याला, केजच्या रंगाच्या दुकानात मी वासापासून सगळं सांगितलं. शेठ म्हणाला, "एपॉक्सी मारा. दोन डब्यांतलं कालवून लावायचा रंग असतोय. दवाखान्यात, कारखान्यात तेच असतंय. दूध मुरत न्हाई, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं." मला ते पटलं. मग त्यानं आधीची तयारी सांगितली. ॲसिड टाकायचं आणि भरपूर पाण्यानं कोबा धुऊन काढायचा.

मी म्हटलं, "भरपूर पाणी कुठल्या दुकानात मिळतं, तेबी सांगा."

शेठ हसला. "मग दगडानं कोरडं घासा. पण लई मेहनत हाय ताई."

मेहनत काही टँकरनं येत नव्हती, ती घरचीच होती. मी डबे घेऊन जीपमध्ये बसले.

संस्थेच्या बाया पदर खोचून आल्या. कोब्यात वर्षानुवर्षांचं लोणी मुरलेलं, त्याच्यावर काहीच धरणार नव्हतं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून आम्ही पोत्याच्या तुकड्यांनी तो पुसून काढला, अगदी चहा करावा तेवढ्या पाण्यात. मग घासायचे दगड घेऊन बसलो. जात्यावर बसल्यागत सगळ्या डुलत होत्या आणि पीठ मात्र सिमेंटचं पडत होतं. नाकातोंडाला फडकी बांधलेली, तरी गप्पा थांबल्या नाहीत. घासून झालं की पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब गोल राहिला तर लोणी अजून आत आहे, लगेच जिरला तर कोबा तयार. थेंब जिरला की बाया अशा खूश व्हायच्या, जणू म्हैस व्यायली.

दुष्काळानं एक मात्र भलं केलं. शेठनं सांगितलं होतं, रात्रभर प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवा, सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. कागद काढला तर खाली टिपूस नाही. तेवढा कोरडा कोबा पुण्या-मुंबईच्या कारखान्यांनाही मिळाला नसेल.

ऊन चढायच्या आत लावायचं ठरलं, कारण दोन डब्यांतलं एकत्र झालं की ते तापतं आणि उन्हाळ्यात बघता बघता आळतं. ढवळायला माझी जुनी रवी कामी आली, कायमचीच कामी आली. लावायचं कसं, हे मात्र कुणी शिकवायची गरज नव्हती. सारवताना भिंतीपासून सुरू करून मागं मागं सरकत दाराशी यायचं असतं, आमच्या पायांना ते पाठ आहे. ऊन अंगणात आलं तेव्हा आम्ही सगळ्या उंबऱ्याबाहेर होतो आणि आत राखाडी रंगाची जमीन चकाकत होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ही खोली आम्हा बायांची आहे.

"आत कुणी पाय ठेवू नका," असं घरात बजावून मी छावणीत धार काढायला गेले.

परत आले तर दार उघडं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. हातात घागर. दाराजवळच्या जमिनीवर पाण्याची थारोळी, आणि त्या पाण्याखाली रंग पांढुरका पडत चाललेला. न वाळलेल्या एपॉक्सीला पाणी चालत नाही.

"पाय न्हाई ठेवला बाई म्या," त्या म्हणाल्या. "भाईरूनच मारलं. शिमिटाला पानी नगं का मारायला? तडकंल की."

घागर त्यांच्या वाटणीची होती. केस धुवायचे म्हणून त्यांनी ती किती दिवस राखली होती, मला माहीत होतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. सोमवारसाठी जीव काढला होता, आणि तो सोमवार वाचावा म्हणूनच त्यांनी घागर रिकामी केली होती. मी पाणी टिपून घेतलं. जमीन वाळल्यावर डाग कोरड्या पॉलिश पेपरनं घासला. डबे रिकामे झाले होते, वरून मारायला काही उरलं नव्हतं. डाग तसाच राहिला. आत्याबाई दोन घास जेवून उठल्या.

सोमवारी साहेब आले. सगळं बघितलं आणि बोट नेमकं डागाकडंच केलं. "हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून एक बाई म्हणाली, "दुष्काळात आमच्या हितं पानी पडलं सायेब, त्याची निशानी हाय ती."

बाया हसल्या, साहेब नाही. मग मी कॅनमधलं मापभर दूध घेतलं आणि त्याच डागावर ओतलं. थोडं थांबले आणि ओल्या फडक्यानं पुसून काढलं. साहेब खाली बसले, बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं. उठताना म्हणाले, "गाडी येईल."

पुढं संघानं दुसऱ्या गावांच्या बायांना जीप भरून आमचा कोबा बघायला पाठवलं. मी माप घेण्यात गुंतलेली असायची, म्हणून दाखवायचं काम आत्याबाईंनी आपणहून घेतलं. त्या काठी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या, चपला बाहेर काढायला लावायच्या, दगड कसा धरायचा ते सांगायच्या. शेवटी काठी डागावर टेकवून म्हणायच्या, "आन् ह्याला पानी मारू नगा. म्या मारलंतं, म्हनून सांगते."