मेव्हण्याच्या पोटातली मटकी

बायको आतड्याच्या कॅन्सरने गेली. आधी तेच सांगून टाकतो. कुणी विचारलं की "पोटाचं काहीतरी होतं" असं मोघम बोलायची मला सवय नाही. संडासवाटे रक्त पडायचं, ते तिने लपवलं. मूळव्याध असेल म्हणून सुरण खात बसली. वजन उतरलं, जिना चढताना धाप लागायला लागली, कधी पोट साफ होईना, कधी थांबेना. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. लाजेने गेली, असं मी म्हणतो. मुलाला ते आवडत नाही. त्याने ऐकू नये. सरोजिनी नगरच्या बाजारातून तिने एक स्वेटर घेतला होता, तिला मोठा झालेला. दिल्लीच्या थंडीत तो मीच घालतो. रंग बायकी आहे. असू दे.

तिच्या आजारपणात डॉक्टरने आम्हाला एक बजावलं होतं. हिच्या भावंडांनी आणि मुलांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्या, काही होत नसलं तरी घ्या, हा आजार घरात फिरतो. मुलाची तपासणी मी मागे लागून करून घेतली, त्याचं सगळं ठीक निघालं. राहिला मेव्हणा. फौजेत स्वयंपाकी होता. रिटायर झाल्यावर इथेच दिल्लीत, मुनिरकात दोन खोल्या घेऊन मराठी पोरांची खानावळ चालवतो. नाक बहिणीचं आणि हसणंही बहिणीचं, तोंडावर हात घेऊन. तो हसला की मला ती दिसते. त्यामुळे हा माणूस मला जिवंत हवा होता. स्वार्थच म्हणा.

एके दिवशी ऐन पंगतीत त्याला विचारलं, "संडासला रक्त पडतं का रे?"

"दाजी, पोरं जेवतायत!"

"जेवू देत. त्यांनाही पोट आहे. पडतं का?"

तो पातेल्यात बघायला लागला. "कधीमधी. ठेचा जास्त झाला की मूळव्याध उठते."

"तुझ्या बहिणीनेही मूळव्याधीवरच ढकललं होतं."

त्याने एका पोराच्या ताटात दोनदा भात वाढला. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, चपात्या लाटता लाटता म्हणाली, "दाजी, तारीख घ्या. हे नाही म्हणाले तर मला सांगा."

तपासणीच्या आदल्या दिवशी काही खायचं नसतं. नारळपाणी, गाळलेलं सरबत, असलं पारदर्शक पाणी तेवढं चालतं. संध्याकाळी औषधाची पावडर भल्यामोठ्या तांब्यात कालवून प्यायची, म्हणजे आतडं धुऊन निघतं. मेव्हण्याने पहिला ग्लास घेतला आणि मला फौजेतल्या शिव्या दिल्या. मी मिलिटरीत ट्रक चालवलेत, मला त्या पाठ होत्या. नंतर त्याने मजल्यावरच्या एकुलत्या एका संडासाचा ताबा घेतला. बाहेर पोरांची रांग.

"काका, आवरा की! सकाळी परीक्षा आहे आमची!"

आतून आवाज आला, "माझीपण सकाळीच आहे!"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्याला आत घेतलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आला, चेहरा वैतागलेला. "अंकल, इन्होंने कल क्या खाया था?"

"कुछ नहीं खाया, साहब."

"अंदर तो मोठ के छिलके हैं, टमाटर के बीज हैं। कुछ दिख ही नहीं रहा। दोबारा आना पड़ेगा।" मोठ म्हणजे आपली मटकी.

मेव्हणा गुंगीतून बाहेर आला तसा मी त्याला धरला. तो शपथेवर आला. "देवाशपथ दाजी, घास तोंडात घातला नाही!"

"खरंय," वहिनी म्हणाली, "काल पानावर बसलेच नाहीत."

मी म्हटलं, "काल पोरांना मिसळ होती. केली कुणी?"

"मी."

"आणि चव कुणी बघितली?"

"मग काय न बघता वाढू?" तो माझ्यावरच चिडला. "चव बघणं म्हणजे काय खाणं झालं का?"

आयुष्यभराची सवय. पळीतून तळहातावर, तळहातावरून तोंडात. मटकी शिजली का बघ, रस्सा बघ, पोह्यांचं मीठ बघ. दिवसभर हात चालूच. त्याचा त्याला पत्ता नाही. वहिनीला हसू आवरेना, भिंतीला टेकून खाली बसली. मग तोही हसायला लागला, तोंडावर हात घेऊन. मी इतका हसलो की नर्स बघायला आली, याला काय झालं म्हणून. बायको गेल्यापासून असं हसलो नव्हतो.

पुढच्या खेपेला पळी माझ्या हातात. मेव्हण्याला दारात खुर्चीवर बसवला आणि म्हटलं, हात मांडीखाली घाल. बसला बिचारा, पण तोंड कोण धरणार?

"दाजी, मीठ कमी पडलंय. वासावरून कळतंय."

"तू नारळपाणी पी."

"खालून लागतंय ते!"

"लागू दे."

लागलंच. पोरांनी ताटाकडे बघितलं. एक म्हणाला, "आजोबा, हे काय आहे?"

"एवढं शिकलायत ना? ओळखा."

खाल्लं सगळ्यांनी. गुणी पोरं आहेत.

या वेळी आतडं स्वच्छ निघालं. आणि आत एक मांसाचा कोंब सापडला. डॉक्टरने त्याच दुर्बिणीतून तो तिथल्या तिथे कापला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी रोज मुनिरकाला जात होतो, काही काम नसताना. वहिनी चहा द्यायची. आम्ही मटकीच्या भावावर बोलायचो.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही. पण तो कोंब तसाच राहिला असता तर पुढे काही वर्षांनी बिघडला असता, असं डॉक्टर म्हणाला. आणि गंमत ऐका. रक्त पडत होतं ते मूळव्याधीचंच! मेव्हणा खूश, "बघा, मी काय म्हणत होतो!" अरे बाबा, कोंबाने कुठे आवाज केला होता? रक्ताच्या निमित्ताने आत बघितलं म्हणून तो सापडला. डॉक्टरने तंबाखू सोडायला सांगितली, रम आणि मटण कमी करायला सांगितलं, पालेभाजी खा, चाला, आणि मी सांगेन तेव्हा परत दुर्बिणीला या. तंबाखूची पुडी वहिनीने त्याच्यासमोर कचऱ्यात टाकली.

त्या दिवशी खानावळीत श्रीखंड केलं होतं. आणि पंगत बसलेली असताना या बहाद्दराने गावाला थोरल्या बहिणीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"आक्का, संडासला रक्त पडतं का तुला?"

"मेल्या, जेवायच्या वेळेला काय विचारतोस!"

"सगळ्यांनाच विचारतोय. पडो न पडो, तपासून घ्यायचंय. दिल्लीला ये."

पोरं ताटात तोंड घालून हसत होती. तिकडे आक्काने टीव्ही बंद केला. मग हळूच तिने विचारलं, "पाव्हणं आहेत का तिथं?"

"आहे," मी म्हटलं.

"बाई डॉक्टर असेल तरच येते."

"बाईच आहे," मी म्हटलं. त्याच हॉस्पिटलात दुसरी एक बाई डॉक्टर होती. नसती तरी आधी आहे म्हटलं असतं आणि मग शोधली असती.