कागदात गुंडाळलेली काच

आमच्या गल्लीत तिला सगळे घंटाताई म्हणतात. कचऱ्याच्या ढकलगाडीला तिनं घंटा बांधली आहे. ती वाजली की लोक ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन दारात येतात. मी इथे नवी आले तेव्हा माझा डबा बघून ती म्हणाली, "काय गं बाई, एकाच डब्यात सगळा संसार कोंबलायस!" तिथून आमची मैत्री झाली.

तेव्हा लोक फुटकी काच तशीच पिशवीत टाकत. पिशवी उचलताना तिच्या तळहातांना चिरा पडत. तिनं दारोदार सांगितलं, काच कागदात गुंडाळा, चांगली जाड गुंडाळा. लोकांच्या अंगवळणी पडायला बरेच महिने गेले. पण पडलं. तिच्या हातांवरच्या चिरा भरून आल्या.

तिची धाकटी जाऊ कचरा निवडायच्या शेडमध्ये कामाला. गाड्यांमधला सुका कचरा तिथे सरकत्या पट्ट्यावर ओततात. दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात. कुणी बाटल्या वेचतं, कुणी पत्र्याचे डबे. धाकटीकडे कागद होता. ती हातमोजे घालत नसे. मोजे घातले की साधा कागद आणि मेणकागद यांतला फरक बोटांना कळत नाही, म्हणायची. बोळा दिसला की तो दाबून बघायचा, आत उष्टं आहे का. रोजचंच काम.

गेल्या महिन्यात तिनं असाच एक बोळा दाबला.

टाके पडले. जखम भरली. उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात. मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. "बोटं चालायला लागली की ये," म्हणाला. डॉक्टर म्हणाले, चालणार नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा घंटाताई धाकटीची वेणी घालत होती.

"ये गं," धाकटी मला म्हणाली. "बघ आमच्या जाऊबाई. इतकी वर्षं टोमणे मारले, आता केस ओढतायत."

"गप बस. मान सरळ ठेव."

"ठेवली." मग जरा वेळानं, "जाऊबाई, तुमच्या गल्लीला सांगितलंत ना, गुंडाळा म्हणून. मला पण सांगायला हवं होतंत."

वेणी घालणारे हात थांबले.

"मला वाटलं, गुंडाळलं की संपलं," घंटाताई म्हणाली.

तो बोळा कुठल्या गल्लीतला, हे कळायला मार्ग नव्हता. दोघींनीही तो विषय काढला नाही. वेणी अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटाताई पुन्हा दारोदार फिरली. मी सोबत होते. काच गुंडाळू नका, उघडी खोक्यात ठेवा, माझ्या हातात द्या. लोक हो हो म्हणाले. "आधी तर तूच उलटं सांगत होतीस," एक काकू हसल्या. पुढच्या फेरीला पुडकी तशीच आली. प्रत्येक बोळा ती गाडीवर ठेवून उघडत होती. उघड्या हातांनी.

कोपऱ्यावरच्या आजोबांना नीट दिसत नाही. ते भिंत चाचपत दारात आले. हातात पुडकं, वर सुतळीची गाठ.

"पोरी, तुला लागू नये म्हणून तीन पदरी गुंडाळलंय. मी काही विसरत नाही हो."

तिनं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.

"बरं केलंत, आजोबा."

ते पुडकं तिनं गाडीत टाकलं नाही. ते छातीशी धरून ती एका हातानं गाडी ढकलत राहिली. घंटा वाजवायला दुसरा हात नव्हता. पुढच्या घरांतून कुणी बाहेर आलं नाही.