देवघराच्या भिंतीला पाय

मागच्या श्रावणात मी पोथी वाचत बसले होते आणि न्हाणीघरातून ह्यांची हाक आली. अध्याय संपायला पाच-सहा ओव्या राहिल्या होत्या. अमरावतीला माहेरी आईची शिस्त अशी, की अध्याय अर्ध्यावर टाकून उठायचं नाही, मग दारात कुणी का येईना. ती मी जन्मभर पाळत आलेली. मी नुसता आवाज चढवून वाचत राहिले, म्हणजे बायको पोथीत आहे हे ह्यांना कळावं. टॉवेल घ्यायला हे स्वतःच निघाले, घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, हे वॉकर धरून चालायला लागले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, भेटायला येणाऱ्यांना सांगत, "फरशी ओली होती." पण मला पोथी हातात धरवेना. दिवा लावायचा म्हणून लावायचे. देवासमोर बसले की ती हाक ऐकू यायची. वाटायचं, ज्याचे नियम पाळले त्याने एवढंही सांभाळू नये? आणि असं वाटल्याची लगेच भीतीही वाटायची. मनाला स्वस्थता म्हणून नव्हती.

ह्यांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा माझे सुजलेले पाय पाहिले. म्हणाल्या, "काकू, भिंतीलगत आडव्या व्हा, पाय सरळ वर भिंतीला टेकवा आणि डोळे मिटा. रोज दहा मिनिटं. विपरीत करणी म्हणतात ह्याला." सोपं होतं. पण अकोल्याच्या आमच्या खोलीत एका भिंतीला कपाट, एकीला ह्यांची खाट, एकीला दार-खिडकी. मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर देवघर. म्हणजे पाय थेट देवाच्या पुढ्यात. देवघराचा पडदा ओढून पाहिला. पण देवाला पडद्याआडून दिसत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय? चार दिवस मी उशी घेऊन त्या भिंतीपाशी बसायचे आणि तशीच उठायचे.

पाचव्या दिवशी नेहमीच्या फुलवालीच्या जागी एक अनोळखी म्हातारी आली. दारातच टेकली, पाणी मागितलं. तिचं लक्ष उशीकडे गेलं. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं, पायांचं, भिंतीचं आणि त्या हाकेचंही. हाकेचं मी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "तान्हं लेकरू मांडीवर पडून मायच्या तोंडावर लाता मारते. माय त्याले खाली टाकते का वं? पाय कुरवायते त्याचे. तुले काहून येवढं भेव? टाक पाय वर. मी हाये इथं. देव रागावला तं माह्यावर लोटजो."

मी आडवी झाले, पाय वर टेकवले. भिंत गार होती. दोन पावलांच्या मधून बाळकृष्ण दिसत होता, आणि तो काही रागावलेला दिसला नाही. डोळे मिटले. पोटऱ्यांतला ठणका हळूहळू उतरला, श्वास लांबला. रडू आलं ते सरळ कानांत गेलं. कितीतरी महिन्यांनी आत काही बोचत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा म्हातारी गेली होती. उंबऱ्यावर फुलांचा पुडा होता.

नेहमीची फुलवाली परत आल्यावर म्हणाली, "ती माझी आत्या, तेल्हाऱ्याची. एकच दिवस आली होती." असेल. तो दिवस माझ्या वाट्याचा होता, एवढंच मी म्हणते आणि रोज तिच्या नावाने एक फूल जास्त वाहते. देवावर सोपवावं, हे मी आयुष्यभर वाचत आले. करायला शिकले ते मात्र पाय वर करून.

आता पोथी परत हातात आली आहे. परवा अध्याय रंगात आला असताना खाटेवरून आवाज आला, "अवं, पाणी देतं का?" आणि लगेच, "राहू दे, राहू दे. पोथी होऊ दे तुही."

मी अर्ध्या ओवीवर तुळशीचं पान ठेवलं आणि उठले. पाणी प्यायला हे फार वेळ लावतात. मी पेल्याला हात लावून उभी राहिले. पोथी उघडी होती, दिवा तेवत होता, आणि देवाला काही घाई नव्हती.