बेचाळीस हजारांचे ब्रेक

शिवणाच्या गाळ्यात दोन गोष्टी कोणी न सांगता साचत जातात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या निदान महिन्याकाठी पोत्यात भरून बाहेर काढता येतात. किश्श्यांचं तसं नाही. काजं करता करता कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचं आठवतंय का?" की सगळ्या मशिनी थांबल्याच! धायरीत आमचा पाच जणींचा गाळा आहे. आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो. त्यामुळे किस्से भरपूर. पण आमच्या व्हॅनच्या ब्रेकचे किस्से ऐकले की बाहेरची माणसं आधी हसतात आणि मग एकदम गप्प होऊन विचारतात, "म्हणजे तुम्ही त्या व्हॅनमधून फिरत होतात?"

हो. फिरत होतो.

व्हॅन पांढरी, जुनी, एका बेकरीवाल्याकडून घेतलेली. उन्हात उभी राहिली की आतून नानकटाईचा वास येतो. ती चालवतात मंदाताई. वय अठ्ठावन्न. पुण्यात जन्मून यांनी पन्नाशीपर्यंत साधी सायकल चालवली नव्हती! मग मिस्टर रिटायर होऊन घरी बसले आणि मंदाताईंनी घराबाहेर पडायचा मार्ग म्हणून ड्रायव्हिंगचा क्लास लावला. आज त्या व्हॅन चालवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं. देवळातल्या आरतीलासुद्धा त्या इतक्या खूश दिसत नाहीत.

*

तर मे महिना संपत आला होता. शाळा सुरू व्हायच्या आत डिलिव्हरी द्यायची होती आणि ब्रेक नीट लागत नव्हते, म्हणून व्हॅन बाळासाहेबांच्या गॅरेजला नेली. बाळासाहेब धायरी खेडं होतं तेव्हापासूनचे. काहीही सांगताना चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ते व्हॅनखाली गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "तुमच्यात मोठं माणूस कोण आलंय का?"

"मीच मोठी आहे. बोला," मंदाताई म्हणाल्या.

"मंग बसून घ्या."

बसायला एक टायर होता. मंदाताई त्यावर बसल्या.

"बेचाळीस हजार."

मंदाताई बसल्या तशा उठल्या! "अहो, आम्ही ब्रेकचं विचारतोय. व्हॅनची किंमत नाही विचारली!"

"ब्रेकचंच सांगतोय," बाळासाहेब म्हणाले. "व्हॅनचं इचाराल तर कमी हाय."

*

पण खरा धक्का तो नव्हताच.

त्यासाठी आधी कुसुमवहिनी माहीत पाहिजेत. आमच्यात सगळ्यात सुबक हात त्यांचा. आमच्या गाळ्यात शनिवारी दुपारी शिवण बंद होतं आणि सगळ्या मशिनींना तेल घालतात. हे काम कुसुमवहिनींचं. हातात लांब नळीची तेलाची कुपी घेऊन त्या अशा निघतात की मध्ये कोणी आलं तर त्यालाही दोन थेंब मिळायचे. कुरकुर ऐकू आली की तेल, हा त्यांचा साधा हिशेब. दाराच्या बिजागऱ्या, कात्र्या, शेजारच्या बालवाडीतला झोपाळा, कोणी सुटलेलं नाही. त्या दिवशी गॅरेजला आमच्याबरोबर त्याही आल्या होत्या.

बाळासाहेबांनी आम्हाला दाखवायला डावं चाक पुन्हा उतरवलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला. "हे तेल कुठलं? गाडीतलं तर न्हाय."

"ते माझं!" कुसुमवहिनी कौतुकाने पुढे झाल्या. "मशीनचं आहे. एकदम हलकं, कापडावर डागसुद्धा पडत नाही."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी घोळ झाला.

पण नाही! डावं पुढचं चाक ब्रेक मारला की कुईं करायचं. ते त्यांच्या कानाला सहन होईना. म्हणून दर शनिवारी मशिनी झाल्या की त्याच कुपीने त्या चाकालाही तेल. नळी लांब असल्यामुळे अगदी आतपर्यंत! आणि आम्हाला सांगायची गरज काय? मशीनला तेल घातल्याचं कोणी सांगत बसतं का?

"आवाज थांबला की नाही?" कुसुमवहिनींनी विचारलं.

"आवाज थांबला," बाळासाहेब म्हणाले. "गाडी थांबायची राहिली."

"तरीच व्हॅन ब्रेक मारला की उजवीकडे पळायची!" मंदाताई ओरडल्या. "मी म्हणायचे, रस्ता कललाय!" म्हणायच्या खऱ्या. आणि सिंहगड रोडवर इतकी खोदाखोद पाहिलेली, की आम्हीही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

डावं चाक काहीच करत नव्हतं, म्हणून सगळं उजव्याने ओढलं. त्यामुळे उजवीकडचीही डिस्क गेली, मागचे ब्रेकही गेले, आणि आकडा फुगला. बाळासाहेबांनी एकेक भाग हातात देऊन दाखवला. कुसुमवहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी तसंच आहे. एक जण बसून, दुसऱ्याने ओढायचं."

मंदाताई टायरकडे बघत होत्या.

"शनिवारी संध्याकाळी मी नातीला पोहायच्या क्लासला नेते," त्या म्हणाल्या. "ती पुढे बसते. माझ्या शेजारी."

कुसुमवहिनींचा चेहरा पांढराफटक झाला. त्यानंतर मंदाताई कुसुमवहिनींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

*

आता पुण्यातला अबोला म्हणजे आरडाओरडा नव्हे. तो फार सभ्य असतो. दोघींच्या मशिनी शेजारी शेजारी, कोपराला कोपर लागतो. आणि मंदाताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मला सांगणार, "सुनीता, त्यांना म्हणावं, कात्री झाली असेल तर द्यावी." कुसुमवहिनी कात्री मंदाताईंच्याच हातात देणार आणि मला म्हणणार, "सुनीता, दिली म्हणून सांग."

एकदा मी कापड आणायला बाहेर गेले होते. तेवढ्यात एका शाळेचे सर नमुना बघायला आले. परत येऊन बघते तर सर दोन मशिनींच्या मध्ये उभे! "सर, त्यांना म्हणता का, टेप द्या." "सर, त्यांना सांगा, टेप त्यांच्याच गळ्यात आहे." बिचारे मान डावीकडे उजवीकडे फिरवून निरोप पोचवत होते. मला तर लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं.

जाताना सर मला दारात म्हणाले, "आमच्या स्टाफरूममध्येही हेच चालतं. पण तिथे निदान शिपाई आहे!"

*

बेचाळीस हजारांवर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. कोणीतरी सांगितलं, हडपसरला एक मोठं सर्व्हिस सेंटर आहे, तिथे विचारा. मंदाताई आणि मी दोन बस बदलून गेलो. काच, एसी, सोफा, कॉफी. माझ्या मनात आलं की हे सगळं शेवटी आपल्याच ब्रेकमधून निघणार. टाय लावलेला एक गोड मुलगा टॅब घेऊन आला.

"मॅम, गाडी आणलीय का?"

"नाही. ती थांबत नाही," मंदाताई म्हणाल्या. "आणली असती तर एव्हाना या सोफ्यावर असती."

मुलाने मॉडेल विचारलं, मोबाइलवरचे फोटो पाहिले, टॅबवर बराच वेळ बोटं फिरवली. सगळी असेंब्लीच बदलावी लागेल म्हणाला. मग आवाज मऊ करून, जसं डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं सांगितलं, "अ‍ॅप्रॉक्स, मॅम, एक लाख अकरा हजार."

मंदाताईंनी शांतपणे कप खाली ठेवला.

"वरचे अकरा कशाचे? आहेर आहे का?"

*

मग डिलिव्हरीसाठी भाड्याचा टेम्पो सांगितला. विश्रांतवाडीच्या शाळेचे गठ्ठे पोचवायचे होते. पुढे टेम्पोवाला, मध्ये मंदाताई, दाराशी मी. टेम्पोवाला तरुण, गाणी लावून मजेत चालवत होता. निघाल्यापासून मंदाताईंचा उजवा पाय खाली दाबलेला. पुढे रिक्षा आली की पाय दाबला, सिग्नल दिसला की दाबला, कुत्रं लांब फुटपाथवर झोपलेलं असलं तरी दाबला! मी हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तर पाय लाकडासारखा कडक लागला.

विश्रांतवाडीत शाळेच्या दारात टेम्पो थांबला. इंजिन बंद झालं. टेम्पोवाला खाली उतरला, वळून म्हणाला, "मावशी, पाय काढा आता. पोचलो आपण."

मंदाताईंना पाय काढताच येईना. मी हाताने उचलून बाजूला केला तेव्हा त्या उतरल्या. गठ्ठे आत पोचवून आम्ही बाहेर आलो तर म्हणाल्या, "सुनीता, व्हॅन विकून टाका. मला आता नाही जमायचं."

मला रडूच आलं. व्हॅन काय, दुसरीही मिळेल. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टिअरिंग सोडलेली बाई ते पुन्हा कधी धरते का?

*

मला खात्री होती की मंदाताईंच्या मिस्टरांना आनंद होणार. त्यांचा पहिल्यापासून विरोध. ओळख करून देताना म्हणायचे, "ही माझी बायको. रस्त्यात दिसली तर फुटपाथवर चढा." व्हॅन विकायची ठरतेय हे त्यांच्या कानावर घालायला मीच गेले.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "विकायची? का?"

मी सगळं सांगितलं. बेचाळीस हजार, एक लाख अकरा हजार, पाय, सगळं. ते आत गेले आणि चेकबुक घेऊनच बाहेर आले!

"निम्मे माझ्याकडून घ्या. पण विकू नका हो," ते कळवळून म्हणाले. "ही दिवसभर घरी बसली तर मी कुठे जाऊ?"

*

आणि मग तो दिवस.

ब्रेक झाले. बाळासाहेबांनी स्वतः चक्कर मारून आणली आणि व्हॅन गॅरेजसमोरच्या गल्लीत उभी केली. गल्ली बंद आहे, थोडी उताराची, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. आम्ही पाची जणी गेलो होतो. कुसुमवहिनीही आल्या होत्या, पण लांब, कंपाउंडला टेकून उभ्या होत्या.

"घ्या चालवून," बाळासाहेबांनी किल्ली पुढे केली.

"तुम्हीच सोडा ना गाळ्यापर्यंत," मंदाताई म्हणाल्या.

"मी आज सोडीन. उद्या कोण सोडंल?"

मंदाताई कशाबशा आत बसल्या. दार उघडंच. एक पाय आत, एक बाहेर. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर समोरच्या उतारावर.

"नाही लागले तर?"

"लागत्यात, बाई."

"तेव्हाही मला लागतील असंच वाटायचं."

मी मनात म्हटलं, संपलं, आता व्हॅनची जाहिरात द्यायची.

तेवढ्यात कुसुमवहिनी कंपाउंडपासून निघाल्या. व्हॅनच्या पुढून उताराने खाली चालत गेल्या. मला वाटलं, सावली बघतायत. गल्लीच्या मध्यावर जाऊन त्या वळल्या, पदर कमरेला खोचला आणि व्हॅनकडे तोंड करून रस्त्याच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या.

मंदाताईंचा आवाज चिरका झाला. "सुनीता! त्यांना म्हणावं, बाजूला व्हा!"

मी ओरडून सांगितलं.

"सुनीता, त्यांना म्हणावं," कुसुमवहिनी खालून ओरडल्या, "तेल मी घातलंय, उभीही मीच राहणार!"

"अवो! काय करताय! गाडी हाय ती!" बाळासाहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच हललेला पाहिला. आत्ताच 'लागत्यात' म्हणणारा माणूस चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा शोधायला धावला!

मंदाताईंनी बाहेरचा पाय आत घेतला. दार लावलं. व्हॅन सुरू झाली.

मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटून जास्त भीती वाटत होती. व्हॅन उताराला लागली होती. वेग वाढत होता. कुसुमवहिनी हलल्या नाहीत. मुठी आवळलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, ओठ पुटपुटत होते. आमच्यापैकी कोणीतरी किंचाळलं. मीच असेन.

व्हॅन थांबली. सरळ थांबली. बॉनेट आणि कुसुमवहिनींच्या साडीच्या निऱ्या यांच्यामध्ये जेमतेम एक हात अंतर होतं.

बाळासाहेब ठोकळा छातीशी धरून तसेच उभे. कुसुमवहिनींनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

मंदाताईंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि थेट कुसुमवहिनींकडे बघितलं.

"वहिनी, आता मागे जाऊन उभ्या राहा. रिव्हर्समध्येही बघायचेत."